शिष्यवृत्तीची अट आणि शिक्षणाचा हक्क

(विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिष्यवृत्तीचा प्रश्न बहुधा रकमेचा प्रश्न म्हणून मांडला जातो. रक्कम किती, ती केव्हा मिळणार, ती वाढणार की नाही, एवढ्यापुरतीच चर्चा होते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु शिष्यवृत्तीचे खरे स्वरूप तिच्या रकमेपेक्षा तिच्या अटींतून अधिक स्पष्ट होते. अर्ज कोणी करावा, कोणी करू नये, कोणता दाखला जोडावा, किती गुण असावेत, बापाचे उत्पन्न किती असावे, हे ठरविणारी जी चार-दोन वाक्ये असतात, त्यांतच विद्या कोणाची आणि कोणाची नाही याचा निकाल लागत असतो. म्हणून ही वाक्ये कोणी लिहिली, कोणाच्या हिताची लिहिली आणि ती कशी बदलली गेली, याचा इतिहास विद्यार्थी चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असला पाहिजे.

दक्षिणेपासून फेलोशिपपर्यंत

महाराष्ट्रात विद्येसाठी राखून ठेवलेल्या सार्वजनिक पैशाची परंपरा दक्षिणेपासून सुरू होते. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. हा पैसा रयतेच्या सारावसुलीतून येत होता. पण तो घेण्याची पात्रता एकाच वर्णाला होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तरी कंपनी सरकारने ही व्यवस्था एकदम मोडली नाही. जुन्या राजवटीतील प्रतिष्ठित वर्गाला दुखवायचे नाही, हे एल्फिन्स्टनचे धोरण होते. याच दक्षिणा निधीच्या एका भागातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपाला आलेली संस्था ती हीच.

१८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेचा काही पैसा मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा. सनातनी मंडळींनी या अर्जाविरुद्ध मोठे काहूर उठविले. अखेर दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली आणि मराठी पुस्तकांना पारितोषिके मिळू लागली. नंतरच्या काळात याच निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलोशिपही दिल्या गेल्या. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते.

अट बदलली खरी, पण दार कितपत उघडले? १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. ते नाकारण्यात आले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’ ग्रंथात नमूद केले आहे. नियमातील वर्णाची भाषा सैल झाली, तरी निर्णय घेणारे हात तेच राहिले. नियमाचा मजकूर बदलणे आणि नियम राबविणारी सत्ता बदलणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

जोतीरावांचा प्रश्न

१८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी शिष्यवृत्त्यांचा विषय स्वतंत्रपणे काढला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की ज्या वर्गांत शिक्षणाचा अद्याप प्रसारच झालेला नाही, त्यांच्यासाठी काही सरकारी शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसत असली, तरी तिच्यामुळे इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही.

एवढ्या नेमक्या शब्दांत या प्रश्नाची मांडणी त्या काळी क्वचितच कोणी केली असेल. स्पर्धेचा नियम वरवर पाहता सर्वांना सारखाच लागू होतो. पण शर्यत सुरू होण्यापूर्वी एकाच्या घरी चार पिढ्यांची अक्षरओळख असते आणि दुसऱ्याच्या घरी पाटीही नसते. अशा दोघांना एकाच रेषेवर उभे करणारा नियम आधीपासून असलेली विषमता झाकतो आणि तिला गुणवत्तेचे नाव देतो.

याचे ठळक उदाहरण मुंबईतच सापडते. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतमध्ये सर्वोच्च गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती दिली जाई. ती मिळविणे हा मराठी मध्यमवर्गात मोठा मान समजला जाई. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये या शिष्यवृत्तीचे मानकरी होते. या शिष्यवृत्तीच्या अटीत जातीचा शब्द नाही. अट फक्त संस्कृतच्या गुणांची आहे. पण त्याच शहरातील एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला, तो अस्पृश्य म्हणून, संस्कृत शिकू देण्यात आले नव्हते. त्याला फारसी घ्यावी लागली. जो विषय शिकायलाच बंदी, त्या विषयात पहिला येण्याची अट! यात दाता नाना शंकरशेट यांना दोष देण्याचे कारण नाही. मुंबईत शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे स्थान वादातीत आहे. दोष समाजरचनेचा आहे. विषम समाजात निर्दोष दिसणारी अटही विषमतेचेच काम करते.

संस्थानिकाची शिष्यवृत्ती आणि परदेशातील विद्यापीठ

आंबेडकरांच्या शिक्षणाला आधार मिळाला तो बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून. महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये, आणि १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याची त्यात अट होती.

सयाजीरावांचे औदार्य निर्विवाद आहे. परंतु दानाची मर्यादाही या प्रकरणात दिसून येते. मुदत संपली तेव्हा लंडनमधील अभ्यास अपुरा टाकून आंबेडकरांना १९१७ मध्ये परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले, तर त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. कचेरीतील शिपाईसुद्धा विटाळाच्या भीतीने कागद लांबून टाकीत. महाराजांची शिष्यवृत्ती परदेशात पाठवू शकत होती, पण आपल्याच राजधानीत छप्पर मिळवून देऊ शकत नव्हती. अखेर १९२० मध्ये, सिडनहॅम कॉलेजातील पगारातून केलेली बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले.

शाहू महाराजांनी मात्र या प्रश्नाची दुसरी बाजू ओळखली होती. केवळ पैसे देऊन भागत नाही; खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात अंथरूण आणि ताट लागते. म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात याच मार्गाने जाऊन ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत रुजविली.

अटींचे राजकारण केवळ भारतापुरते मर्यादित आहे असे कोणी समजू नये. ज्या कोलंबिया विद्यापीठाने १९१३ मध्ये आंबेडकरांना प्रवेश दिला, त्याच विद्यापीठात १९२० मध्ये लिडिया रॉबर्ट्स या महिलेच्या मृत्युपत्रातून एक फेलोशिप निर्माण झाली. तिची अट अशी, की लाभार्थी आयोवा राज्यात जन्मलेला आणि गोऱ्या वंशाचा असावा. आणि त्याने कायदा, वैद्यक, धर्मशास्त्र वगैरे विषय शिकू नयेत. ही वंशाची अट हटविण्यासाठी विद्यापीठाला २०१३ मध्ये न्यायालयाची पायरी चढावी लागली. दात्याला जाऊन कित्येक दशके लोटली, तरी त्याचा पूर्वग्रह निधीच्या कागदपत्रांत जिवंत राहतो.

निधी कसा चालतो

येथे देणगीनिधीची रचना समजून घेणे आवश्यक आहे. दाता एक रक्कम विद्यापीठाकडे किंवा विश्वस्तांकडे देतो. मुद्दल कायम राहते, ते रोख्यांत गुंतविले जाते आणि केवळ व्याज वाटले जाते. न्यासपत्रात लिहिलेली अट विश्वस्तांवर बंधनकारक असते. समजा, एखाद्याने दहा हजार रुपये दिले आणि त्यावर सहा टक्के व्याज येते. वर्षाला सहाशे, म्हणजे महिना पन्नास रुपये. एके काळी पन्नास रुपयांत खोलीभाडे आणि खानावळ दोन्ही भागत असे. आज त्यात पुस्तकही येत नाही. महागाई मुद्दल खात जाते आणि शिष्यवृत्ती केवळ नावापुरती उरते. काही वेळा अट इतकी अरुंद असते, की वर्षानुवर्षे अर्जदारच मिळत नाही आणि व्याज पडून राहते.

यावर कायद्यात उपाय नाही असे नाही. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या ५५ व्या कलमात, मूळ हेतू अमलात आणणे अशक्य किंवा अव्यवहार्य झाले असेल, तर न्यायालयाच्या आदेशाने निधीचा विनियोग मूळ हेतूच्या जवळच्या कार्यासाठी करण्याची तरतूद आहे. पण हा उपाय आपोआप लागू होत नाही. त्यासाठी कोणीतरी यादी तपासावी लागते, प्रश्न विचारावा लागतो, धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते. ते काम संघटनेवाचून होत नाही.

दान नव्हे, हक्क

खाजगी दान कितीही थोर असले, तरी ते मूठभरांपुरतेच पोहोचते. हे ओळखून १९४२ मध्ये डॉ. आंबेडकरांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, अशी मागणी केली. ते स्वतः व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८ मध्ये ती अनुसूचित जमातींना लागू झाली. संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदाने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितसंबंधांची जपणूक हे राज्याचे कर्तव्य ठरविले. यामुळे शिष्यवृत्तीचे स्वरूपच पालटले. यापूर्वी विद्यार्थी दात्याच्या दारी जात होता. आता तो आपल्या हक्काच्या पैशासाठी राज्याच्या दारी जाऊ लागला.

परंतु हक्काच्या योजनेतही अटीने आपले काम केलेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असला पाहिजे, अशी अट होती. १९५६ मध्ये ती शिखांसाठी शिथिल झाली. त्याच वर्षी नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धर्म स्वीकारला. आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसह केंद्राच्या सवलतींच्या दृष्टीने ते एका दिवसात अपात्र ठरले. गाव तेच, वस्ती तीच, विहिरीवरची बंदीही तीच. अर्जावरील धर्माचा रकाना तेवढा बदलला होता. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचा नियम बदलायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जवळजवळ दोन पिढ्या. दलित ख्रिश्चन आणि दलित मुसलमान यांना तर हे दार अद्याप बंदच आहे.

उत्पन्नाची मर्यादा कोणाला अडविते

आज सर्वांत अधिक विद्यार्थ्यांना अडविणारी अट म्हणजे उत्पन्नाची. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०१३ मध्ये अडीच लाख रुपये ठरली. २०२१ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांतही ती तशीच ठेवण्यात आली. याच काळात इतर मागासवर्गीयांसाठी उन्नत स्तराची मर्यादा २०१७ मध्ये आठ लाख झाली. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल म्हणून दिलेल्या आरक्षणासाठीही आठ लाखांचीच मर्यादा धरण्यात आली. आरक्षण आणि शिष्यवृत्ती या दोन वेगळ्या योजना आहेत हे खरे. तथापि एकाच राज्यसंस्थेच्या लेखी आठ लाख उत्पन्नाचे कुटुंब एका ठिकाणी दुर्बल ठरते आणि अडीच लाखांच्या वर एक रुपया गेलेले दलित कुटुंब दुसऱ्या ठिकाणी समर्थ ठरते, याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करता येईल?

अडीच लाख म्हणजे महिना वीस हजार आठशे रुपये. आईबाप दोघेही कंत्राटी कामगार असले आणि प्रत्येकी साडेदहा हजार मिळवीत असले, तरी मुलगी अपात्र ठरते. शिवाय ही मर्यादा सर्वांना सारखी लागत नाही. नगरपालिकेच्या सफाई कामगाराचे, एसटीच्या वाहकाचे, गिरणीतील जॉबरचे उत्पन्न पगारपत्रकावर पैशापर्यंत नोंदलेले असते. व्यापारी, ठेकेदार, सावकार यांचे उत्पन्न त्यांनी सांगावे आणि तहसील कार्यालयाने लिहून घ्यावे, असा व्यवहार असतो. म्हणजे वेतनावर जगणारा कामगार अटीत सापडतो आणि नफ्यावर जगणारा तिच्यातून निसटतो. उत्पन्नाची अट अशा रीतीने वर्गीय होऊन बसते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कष्टकऱ्यांना आणखी एका अटीचा फटका बसतो. जातीचे प्रमाणपत्र मूळ राज्याचे आणि वास्तव्य दुसऱ्या राज्यात, अशी त्यांची स्थिती असते. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात निर्णय दिला, की एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात लागू होत नाही. ते प्रकरण आंध्रातून मुंबईला आलेल्या कुटुंबातील एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाचे होते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही विद्यार्थी ज्या राज्याचा कायमचा रहिवासी असेल, त्याच राज्याने द्यावयाची असते. परिणामी सुरतेला, हैदराबादला किंवा इंदूरला वाढलेल्या मराठी दलित मजुराच्या मुलाला एक राज्य म्हणते, ‘तू येथला नव्हेस’, आणि दुसरे विचारते, ‘तू येथे राहतोस कोठे?’ भांडवलाला देशात कोठेही जाण्याची मोकळीक आहे. श्रम विकायला निघालेल्या माणसाचा हक्क मात्र राज्याच्या सीमेवर अडतो.

पात्र ठरूनही वंचित

अटी पूर्ण केल्या म्हणून पैसे वेळेवर मिळतातच असे नाही. पंजाबमध्ये २०१७ ते २०२० या काळात केंद्र आणि राज्य यांच्यातील वादात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रक्कम थकली आणि महाविद्यालयांनी दलित विद्यार्थ्यांची कागदपत्रे अडकवून ठेवली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने साठ-चाळीस अशी खर्चाची वाटणी मान्य केली आणि २०२१ पासून केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याची पद्धत आली. विद्यार्थ्यानेच ती रक्कम महाविद्यालयात भरावयाची असते. रक्कम उशिरा आली की महाविद्यालयाचा तगादा सरकारकडे जात नाही, तर त्या मुलाकडेच जातो.

उशीर हा केवळ कारकुनी दोष नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आपले जीवन संपविले. अखेरच्या पत्रात त्याने सात महिन्यांची थकलेली फेलोशिप आपल्या कुटुंबाला मिळावी, असे लिहून ठेवले होते. त्याच्या मृत्यूची कारणे अधिक खोल होती. विद्यापीठातील जातीय छळ आणि निलंबन त्यात होते. पण संशोधकाची फेलोशिप ही त्याची जादा कमाई नसते. अनेकदा घरी पाठविण्याचा पैसा तोच असतो.

आता तर योजनाच गुंडाळण्याकडे कल दिसतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नेट उत्तीर्ण नसलेल्या संशोधकांची एम. फिल. साठी पाच हजार आणि पीएच. डी. साठी आठ हजार रुपयांची फेलोशिप बंद करण्याचे ठरविले. विद्यार्थ्यांनी दिल्लीत आयोगाच्या कार्यालयापुढे ठिय्या दिला, लाठ्या खाल्ल्या, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ पासून चालू असलेली मौलाना आझाद फेलोशिप बंद करण्यात आली. इतर फेलोशिपशी ती पुनरुक्ती होते, असे कारण देण्यात आले. त्याच वर्षी परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाजजीवन यांवर संशोधन करणारे विद्यार्थी वगळण्यात आले. ज्या जातींनी हा समाज खालून पाहिला, त्यांच्या मुलांनी परदेशात जाऊन त्याचा अभ्यास करू नये, असाच या अटीचा परिणाम आहे. कोलंबियात १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचणाऱ्या आंबेडकरांचा विषय या नियमाखाली बसला नसता.

कार्यकर्त्यांपुढील काम

या सर्व विवेचनातून काही निश्चित मागण्या निघतात. उत्पन्नाची मर्यादा महागाईच्या निर्देशांकाशी जोडून दरवर्षी आपोआप वाढावी आणि ती ओलांडताच सर्व काही हिरावून न घेता लाभ टप्प्याटप्प्याने कमी व्हावा. शिष्यवृत्ती थकली म्हणून परीक्षेचा प्रवेशपत्रक वा पदवीचा कागद अडविणे हा गुन्हा ठरावा. स्थलांतरित कष्टकऱ्यांच्या मुलांना वास्तव्याच्या राज्यात अर्ज करण्याची सोय व्हावी आणि दोन राज्यांनी हिशेब आपसात मिटवावा. अभ्यासाचा विषय कोणता असावा, हे शिष्यवृत्ती देणाऱ्याने ठरवू नये. जुन्या देणगीनिधींची यादी, त्यांचे मुद्दल, अटी आणि शिल्लक प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावी.

मागण्यांबरोबर रोजचे कामही आहे, आणि ते लहान समजू नये. जून ते सप्टेंबर या महिन्यांत तहसील कार्यालयापुढे जी रांग लागते, तिच्यात उभ्या असलेल्या मुलामुलींचे अर्ज भरून देणे, तलाठ्याचा अहवाल का अडला याचा पाठपुरावा करणे, त्रुटी काढून परत आलेल्या अर्जाची मुदत टळू न देणे, हे काम ज्या शाखेने नेटाने केले, तिचा शब्द त्या तालुक्यात ऐकला जातो. एक अर्ज मंजूर करून घेणे ही मदत झाली. तोच अर्ज का नामंजूर झाला, हे रांगेतल्या सर्वांना समजावून सांगून त्यांना नियमाविरुद्ध उभे करणे, ही चळवळ झाली. पहिल्यावाचून दुसरे साधत नाही, आणि दुसऱ्यावाचून पहिले दरसाल पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

दक्षिणेची अट बदलली ती अर्ज करणाऱ्यांनी विरोध पत्करला म्हणून. बौद्धांची अपात्रता गेली ती चौतीस वर्षे मागणी सोडली नाही म्हणून. २०१५ ची फेलोशिप टिकली ती विद्यार्थी रस्त्यावरून हटले नाहीत म्हणून. पात्रतेचे नियम माणसांनी लिहिलेले आहेत आणि संघटित माणसांनी ते यापूर्वी बदलून घेतले आहेत. पुढील प्रवेशसत्र सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या भागातील महाविद्यालयांत किती अर्ज नामंजूर झाले आणि कोणत्या अटीवर झाले, याची नोंद करून ठेवावी. लढ्याची सुरुवात त्या नोंदीपासून होईल.